कॅलेंडर न सांगणाऱ्या मुलांचं काय?

एप्रिल जवळ आला की ऑटिझमवर बोलणाऱ्यांच्या दोन फळ्या पडतात. २ एप्रिल हा जागतिक ऑटिझम जागरूकता दिन. त्या आठवड्यात सभागृहांतून निळे फुगे लागतात, भाषणं होतात. एक फळी सांगते की ऑटिझम ही निसर्गाची देणगी आहे, या मुलांची स्मरणशक्ती अचाट असते, न्यूटन आणि आइन्स्टाइनसुद्धा असेच होते. दुसरी फळी संतापते. रात्ररात्र न झोपणाऱ्या, स्वतःचाच हात चावून रक्त काढणाऱ्या मुलाच्या आईसमोर उभं राहून हे देणगीचं भाषण करून दाखवा, असं ती म्हणते. मागच्या एप्रिलमध्ये अशाच एका परिसंवादाला मी श्रोत्यांत बसले होते. दोन तास वाद झाला आणि दोन्ही बाजूंना टाळ्या पडल्या. मला मात्र परतीच्या रिक्षात एक जुना प्रश्न आठवत राहिला, जो कुणीतरी माझ्या भावाबद्दल विचारला होता.

माझा धाकटा भाऊ आता ३६ वर्षांचा आहे. तो मोजकंच बोलतो, उद्या काय होणार ते आदल्या रात्री चार वेळा विचारून घेतो आणि ठरलेलं बदललं की थरथरायला लागतो. त्याचं पहिलं प्रमाणपत्र 'मतिमंद' म्हणून निघालं होतं, कारण १९९५ च्या अपंग कायद्याच्या यादीत ऑटिझम हा शब्दच नव्हता. तो आला २०१६ च्या कायद्यात, २१ प्रकारांपैकी एक म्हणून. त्या नव्या कायद्याखालचं प्रमाणपत्र काढायला आम्ही एका सरकारी रुग्णालयात गेलो होतो. टेबलापलीकडच्या डॉक्टरांनी अगदी मायेनं विचारलं, "कॅलेंडर सांगतो का हा? म्हणजे तारीख सांगितली की वार?" आई म्हणाली, "नाही." "मग गाणं? चित्रं?" आई पुन्हा "नाही" म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज इतका खाली गेला की एखादा गुन्हा कबूल करावा तसा वाटला. डॉक्टरांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण आईनं त्या दिवशी घरी येऊन चहासुद्धा घेतला नाही.

म्हणून माझं म्हणणं आधीच मांडते. 'गुण की उणीव' हा वादच चुकीच्या पायावर उभा आहे. दोन्ही फळ्यांचा तराजू एकच आहे, हा माणूस किती उपयोगाचा. एक फळी म्हणते फार उपयोगाचा, दुसरी म्हणते कसला उपयोग, ओझं आहे. ऑटिस्टिक माणसाला मिळणारा आधार त्याच्या गरजेवर ठरला पाहिजे. त्याचे गुण बघायचे ते हा आधार कुठून द्यायचा, याची वाट सापडावी म्हणून. त्याच्या अडचणींची भरपाई म्हणून ते दाखवायला लावू नयेत, आणि माणसांत घेण्याची फी म्हणून तर कधीच नाही.

देणगीवाल्यांच्या बाजूनं जे खरं आहे ते आधी मान्य करायला हवं. आमच्या लहानपणी पाहुणे आले की असं मूल आतल्या खोलीत जायचं. लग्नाला, बारशाला त्याला न्यायचं नाही, बहिणीचं स्थळ बघायला माणसं आली तर त्याला मामाकडे पाठवायचं. हे मी स्वतः पाहिलं आहे आणि त्यातलं शेवटचं माझ्याच बाबतीत घडलं आहे. आज चित्र बदललंय त्यात कर्तृत्वाच्या बातम्यांचा वाटा मोठा आहे. नौदलातल्या कर्मचाऱ्याची मुलगी जिया राय फेब्रुवारी २०२१ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत ३६ किलोमीटर पोहत गेली तेव्हा ती बारा वर्षांची होती. ती ऑटिस्टिक आहे हे सगळ्या वर्तमानपत्रांनी छापलं. त्या बातमीनंतर किती घरांतल्या आतल्या खोल्यांची दारं उघडली असतील! मला त्या मुलीचं मनापासून कौतुक आहे. शिवाय मुलाच्या आवडीतून शिकवलं की ते लवकर शिकतं, हे कुठलाही चांगला विशेष शिक्षक सांगेल. ज्याला रेल्वे आवडते त्याला वेळापत्रकातून बेरीज-वजाबाकी येते.

मग अडचण कुठे आहे? कौतुक हळूहळू अट बनतं, तिथे. आणि ही अट किती खोल जाऊ शकते हे पाहायचं असेल तर व्हिएन्नाकडे बघावं लागतं. हान्स अ‍ॅस्पर्गर या तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी १९४४ मध्ये ऑटिझमवरचा आपला प्रसिद्ध निबंध छापला. बोलण्यात प्रौढ, एखाद्या विषयात बुडालेली, माणसांत मात्र बुजणारी मुलं त्यांनी त्यात रंगवली आणि अशी मुलं मोठेपणी विशिष्ट व्यवसायांत चमकू शकतात, असं आवर्जून लिहिलं. नाझी राजवटीत या मुलांची बाजू घेणारा डॉक्टर, अशी त्यांची प्रतिमा अनेक दशकं टिकली. २०१८ मध्ये हेरविग चेक या इतिहासकारांनी त्या काळातली कागदपत्रं उजेडात आणली. त्याच अ‍ॅस्पर्गर यांनी गंभीर अपंगत्व असलेल्या दोन लहान मुलींना 'आम श्पीगेलग्रुंड' या, अपंग मुलांना मारणाऱ्या नाझी संस्थेत पाठवण्याची शिफारस केली होती. त्या संस्थेत जवळजवळ ८०० मुलांचा जीव गेला. त्या दोन मुलीही तिथेच मेल्या. अ‍ॅस्पर्गर यांना किती माहीत होतं यावर अभ्यासक अजून वाद घालतात. पण एका हातानं हुशार मुलांची तरफदारी आणि दुसऱ्या हातानं बाकीच्यांची रवानगी, हे एकाच डॉक्टरच्या टेबलावर घडलं. आजचे देणगीवाले असं काही करतात असं मी अजिबात म्हणत नाही. माझा मुद्दा इतकाच की, 'या मुलांना जपा, ती उपयोगी पडतील' हा युक्तिवाद ज्या मुलांचा उपयोग दिसत नाही त्यांना उघड्यावर टाकतो. ज्या छत्राखाली माझा भाऊ बसत नाही, त्याला मी ऑटिझमचं छत्र कसं म्हणू?

आता गुण म्हणजे वाट, हे मी कशाच्या जोरावर म्हणते? ऑटिझमच्या पहिल्याच रुग्णाच्या. लिओ कॅनर या अमेरिकेतल्या बालमनोविकारतज्ज्ञांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन छापलं, त्यातला पहिला डोनाल्ड. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट गावचा. आकड्यांचं त्याला वेड होतं. त्याला काही काळ एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलं होतं. कॅनर तिथे भेटायला गेले तेव्हा त्यांना दिसलं, की त्या जोडप्यानं त्याचं वेड मोडून काढलेलं नाही, कामाला जुंपलंय. मोजमापांचा ध्यास होता, तर त्यांनी त्याला विहीर खणून तिची खोली मोजायला लावली. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजायचा, तर ओळी मोजता मोजता नांगर धरायला शिकवलं. पुढे डोनाल्ड कॉलेजात गेला, गावातल्या बँकेत नोकरीला लागला, गाडी चालवायला शिकला, एकट्यानं जगभर फिरला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी गेला. त्याच्या घरची बँक होती, पैसा होता, हे विसरून चालणार नाही. पण पैशानं विहीर मोजायला लावण्याची बुद्धी येत नाही. १९७१ मध्ये कॅनर यांनी त्या ११ जणांचा पुन्हा मागोवा घेतला, तेव्हा सरकारी मनोरुग्णालयांत गेलेली मुलं होतं तेही गमावून बसली होती. तिथे दाखल होणं म्हणजे जन्मठेपच, असं त्यांनी लिहिलं आहे. मुलं त्याच निदानाची होती. फरक पडला तो भोवतालच्या माणसांनी.

दुसऱ्या फळीचं म्हणणं मला जास्त जवळचं वाटतं, कारण मी त्याच घरातली आहे. माझी आई ६८ वर्षांची आहे आणि तिला रात्री एकच प्रश्न पडतो, माझ्यामागे याचं काय. 'ऑटिझम म्हणजे फक्त वेगळेपण' असं सहज बोललं जातं तेव्हा अशा आयांना आपलं अर्धं आयुष्य कुणी पुसून टाकल्यासारखं वाटतं. न बोलणारं मूल पोट दुखतंय हे सांगू शकत नाही. अनेकांना फिट येतात, झोप नसते, जेवणात तीनच पदार्थ चालतात. ही खरी दुखणी आहेत आणि त्यांवर उपचार झालेच पाहिजेत. यात कुणी हो-नाही करू नये.

पण 'हे दुखणं आहे' इथून 'हा मुलगाच दुखणं आहे' इथे यायला फार वेळ लागत नाही, आणि त्या वाटेवर दुकानं मांडून बसलेली माणसं पुष्कळ आहेत. लाखांच्या घरातल्या पैशांत स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, टोचून ऑटिझम बरा करतो म्हणणारे दवाखाने आपल्याकडे वर्षानुवर्षं चालले. शेवटी २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाला सांगावं लागलं की ऑटिझमसाठी अशा उपचारांची शिफारस करता येत नाही, त्यांची जाहिरात करणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे. त्याआधी लसीचा धसका होताच. लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा १९९८ चा १२ मुलांवरचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं २०१० मध्ये मागे घेतला, तरी 'लस दिली आणि बोलणं गेलं' हे वाक्य आजही ऐकू येतं. आणि कारण सापडलं नाही की शेवटी आई सापडते. कॅनर यांनीच आईबापांच्या थंडपणाबद्दल लिहून ठेवलं होतं, ब्रूनो बेटलहाइम या लेखकांनी १९६७ मध्ये त्या समजुतीला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञानं, जो स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचा बाप होता, १९६४ मध्येच त्या समजुतीला उत्तर दिलं होतं, तरी ती मरायला किती वर्षं गेली! माझ्या आईला नव्वदच्या दशकात सांगितलं गेलं, "तुम्ही नोकरी करता ना, म्हणून." आजच्या आईला सांगतात, "मोबाइल दिलात ना, म्हणून." लहान मुलाला तासन्‌तास पडद्यासमोर बसवू नये हे बरोबरच आहे, त्यानं बोलणं मागे पडू शकतं. पण म्हणून ऑटिझमचं खापर त्या आईच्या डोक्यावर फोडायचं? माझ्या भावाच्या लहानपणी आमच्या घरात साधा फोनसुद्धा नव्हता.

आणि मग शब्दाचं काय? आपण ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतो. शब्द सुंदर आहे, आणि त्यामुळेच फसवतो. मग्न म्हटलं की आपल्या नादात सुखानं बुडालेला, बाहेरच्या कशाचीही गरज नसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. आमचं मिरजेचं घर स्टेशनला लागून होतं. भावाचं बोलणं स्टेशनवरच्या घोषणांच्या कर्ण्यातून आलं. चौथ्या वर्षापर्यंत तो गप्प होता, आणि मग एका दुपारी स्पष्ट म्हणाला, "कृपया लक्ष द्या." सगळं घर हसलं, आजीनं साखर वाटली. पुढे तो दिवसातून वीस-वीस वेळा तेच म्हणायला लागला. आम्हाला सांगितलं गेलं की हे पोपटासारखं आहे, त्याला अर्थ नसतो, दुर्लक्ष करा. आम्ही केलं. किती वर्षं? जवळजवळ नऊ. तेराव्या वर्षी तो दोन दिवस सतत "कृपया लक्ष द्या" म्हणत भिंतीला पाठ लावून बसून होता आणि तिसऱ्या दिवशी कळलं की त्याचं अपेंडिक्स फुटायला आलं होतं. मग आम्ही मागे वळून एकेक प्रसंग आठवत गेलो. दाढ दुखली तेव्हा, गणपतीत ढोल दारासमोर थांबला तेव्हा, चपलेत खिळा होता तेव्हा. प्रत्येक वेळी त्यानं आम्हाला, त्याच्याकडे असलेल्या एकुलत्या एक वाक्यात, नेमकं तेच सांगितलं होतं. मग स्वमग्न कोण होतं? तो सारखा हाक मारत होता. ऐकत आम्ही नव्हतो.

डेमियन मिल्टन या ब्रिटिश अभ्यासकांनी, ते स्वतः ऑटिस्टिक आहेत, २०१२ मध्ये हेच शास्त्राच्या भाषेत मांडलं. न समजण्याची अडचण दुहेरी असते. ऑटिस्टिक माणसाला आपण कळत नाही, तसा तो आपल्यालाही कळत नसतो. पुढे एडिनबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये आपल्या कानगोष्टींसारखा एक प्रयोग केला. आठ-आठ जणांची साखळी, पहिल्यानं दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्यानं तिसऱ्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जितकी शिल्लक राहिली तितकीच सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत राहिली. घसरली ती मिश्र साखळीत. म्हणजे तुटलेला दुवा दोघांच्या मधोमध आहे. यावर कुणी म्हणेल, त्या प्रयोगातले लोक बोलू शकणारे होते, तुमच्या भावासारख्यांना हे कसं लावता? हा आक्षेप रास्त आहे. पण उलट विचारते, ज्याच्याकडे एकच वाक्य आहे त्याच्या बाबतीत समजून घेण्याची जबाबदारी आपल्याकडे कमी येते की जास्त?

इथे मला बहिऱ्या मुलांच्या शिक्षणाचा इतिहास आठवतो. १८८० मध्ये मिलान इथे शिक्षकांची परिषद भरली आणि तिनं ठरवलं की बहिऱ्या मुलांना तोंडानंच बोलायला शिकवायचं, खुणांची भाषा बंद. हेतू चांगला होता. मुलं समाजात मिसळावीत हाच. पुढची कित्येक दशकं मुलांचे हात बांधून ठेवल्यासारखे झाले आणि त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० मधली व्हँकुव्हरची परिषद यावी लागली. आज आपल्याकडे न बोलणाऱ्या मुलाला बोट ठेवून सांगायला चित्रांची वही किंवा टॅब द्यायचं म्हटलं की घरचे घाबरतात, "मग तो बोलायचाच नाही." संशोधन याच्या उलट आहे. चित्रांनी बोलणं अडत नाही, काहींचं तर वाढतं. आमच्या घरी ही वही आली तेव्हा भाऊ २२ वर्षांचा होता. पहिल्या आठवड्यात त्यानं 'पंखा बंद' या चित्रावर बोट ठेवलं. त्या पंख्याची घरघर त्याला लहानपणापासून सोसत नव्हती.

आता कचेरीच्या पायरीवर या. आपल्या देशात ऑटिझम मोजायला एक मापनपट्टी आहे, तिच्यात ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ७० पासून पुढे ऑटिझम धरतात, जितके गुण जास्त तितकी अडचण मोठी. प्रमाणपत्रासाठी आईबापांनी मुलाचं सगळ्यात वाईट रूप मांडायचं असतं. तो जेवायला शिकला हे सांगितलं तर अपंगत्वाचे टक्के कमी होतील, या धास्तीनं आई ते गिळून टाकते. पुढच्याच आठवड्यात तीच आई शाळेच्या मुख्याध्यापकांसमोर बसते आणि त्याच मुलाचं सगळ्यात चांगलं रूप मांडते, कारण तो त्रास देत नाही हे पटलं तरच प्रवेश आहे. एकाच पोराला दोन दारांवर दोन चेहरे लावून उभं करायचं! परिसंवादातल्या दोन फळ्या या दोन दारांवरच उभ्या आहेत, असं मला वाटतं. कायदा मात्र याच्या पुढे गेला आहे. २०१६ च्या कायद्यात व्यक्तीनुसार योग्य ती सोय करून देण्याचं तत्त्व आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विकास कुमार यांच्या खटल्यात सांगितलं की परीक्षेतली लेखनिकाची सोय ४० टक्के अपंगत्वाच्या अटीला बांधून ठेवता येणार नाही. म्हणजे टक्का नंतर, गरज आधी.

सगळ्यात कठीण आक्षेप पैशाचा आहे. राज्याकडे पैसा मोजका, मग जिथे तो फळेल तिथेच आधी घालावा, असं म्हणणारे लोक दुष्ट नसतात, त्यांना अंदाजपत्रक बघायचं असतं. त्यांना माझी दोन उत्तरं आहेत. बऱ्याच गोष्टींना जवळजवळ पैसाच लागत नाही. उद्या तास बदलणार हे आज फळ्यावर लिहा. सूचना तोंडी देता ती कागदावरही द्या. गोंगाटात कान झाकून घेतले तर हात ओढू नका. नजरेला नजर दे म्हणून हनुवटी वर करू नका. वर्गामागचा एक शांत कोपरा मोकळा ठेवा. आणि दुसरं, काही गोष्टी खरोखर महाग आहेत, मी त्या स्वस्त आहेत असं सांगणार नाही. चोवीस तास सोबत लागणाऱ्या माणसाला जन्मभर सोबत लागते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यामुळे अठरा वर्षांनंतर पालकत्व घेता येतं, निरामय योजनेत १ लाखापर्यंतचं आरोग्य विम्याचं कवच आहे. पण आई गेल्यावर त्याच्या ताटात कोण वाढणार, हे यातला कुठलाच कागद सांगत नाही. तालुक्याच्या गावी राहण्याची चांगली सोय, कामाची जागा, प्रशिक्षित आणि बरा पगार मिळणारी माणसं यांना पैसा लागेल आणि तो द्यावाच लागेल. आपण म्हाताऱ्या माणसांवर खर्च करताना ती किती फळतील असं विचारतो का?

माझा भाऊ आता रोज एका कार्यशाळेत जातो. तिथे दिवाळीच्या आधी उटण्याची पाकिटं भरतात, पणत्या रंगवतात. त्याला रंगवायला आवडत नाही, रंग बोटांना लागतो. पाकिटं मात्र तो दहा-दहाच्या ओळींत लावतो आणि ओळ पूर्ण झाली की उठून एक फेरी मारतो. वेग इतरांपेक्षा कमी आहे. त्याला तिथे घातलं त्या दिवशी मी एक कार्ड लिहून दिलं होतं, चारच ओळींचं. पहिली ओळ, 'कृपया लक्ष द्या म्हणाला तर त्याला काहीतरी दुखतंय किंवा सोसत नाहीये.' मागच्या गुरुवारी दुपारी तिथल्या मदतनीस मुलीचा फोन आला. नवीनच लागली आहे, विशीतली असेल. "ताई, दादा सकाळपासून सारखं लक्ष द्या म्हणतायत. मी पंखा बंद केला, पाणी दिलं, चपला काढून बघितल्या. शेवटी कानाला हात लावू दिला नाही त्यांनी. कान दुखत असेल का हो?"

कानच दुखत होता.